हिरव्या चौकटीतली नेवेना

३ ऑक्टोबर, सोमवार

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस १९ तारखेला. भरपूर वेळ आहे. यंदा शेवटच्या दिवशी धावपळ नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

सकाळी नाश्त्याला नेवेना म्हणाली, यंदा काही आणू नकोस. साध्या आवाजात. चीज कापता कापता. मी बरं म्हटलं आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. 'आणू नकोस' म्हणजे 'आण', हे कुठल्याही नवऱ्याला कळतं. पण आवाज साधा होता, तिथे घोडं अडतंय. वीस वर्षं जिल्हा लीगमध्ये फुटबॉलचा पंच होतो मी. आरडाओरडा करणाऱ्या खेळाडूची भीती नसते. जो काही न बोलता खाली बसून बूट सोडायला लागतो, त्याची असते.

संध्याकाळी छातीत धडधड. ॲसिडिटी. काल मिरच्या भाजल्या त्या बाधल्या असणार.

४ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या वर्षीचं प्रकरण इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा काढायला नको. चोवीस वर्षं झाली म्हणून चोवीस गुलाब नेले. हिशोब चोख. दारात सासूबाई. त्या राहतात खालच्या मजल्यावर, असतात कायम वरच्या. त्यांनी फुलं मोजली आणि जमिनीकडे तोंड करून तीनदा थुंकल्या. सम फुलं फक्त थडग्यावर वाहतात, हे मला काय ठाऊक नाही? पण उत्साहाच्या भरात कोण मोजतं! म्हणाल्या, एवढी कसली घाई झालीय तुला, जावईबापू? माझ्या लेकीला पोचवायला निघालास?

नेवेनानं एक गुलाब काढून केराच्या डब्यात टाकला, बाकीचे पाण्यात ठेवले. तिथे विषय संपायला हवा होता. पण पुढच्याच आठवड्यात सासूबाई जिन्यात घसरल्या आणि आजतागायत सगळ्या गावाला सांगत सुटल्यात की गांचोच्या गुलाबांनी माझा पाय मोडला.

यंदा पंचवीस. विषम. आकडा तरी माझ्या बाजूनं आहे.

६ ऑक्टोबर, गुरुवार

कामावरून (नगरपालिकेच्या व्यायामशाळेची देखरेख माझ्याकडे आहे) लवकर निघून चौकातल्या सोनाराकडे गेलो. मोत्यांची माळ बघितली. सुरेख. घरी येऊन सासूबाईंपुढे सहज विषय काढला. कपाळाला हात लावून म्हणाल्या, मोती म्हणजे अश्रू. माझ्या मावशीला मिळाले होते, नवरा दोन महिन्यांत दुसरीकडे गेला. मनगटी घड्याळ? घड्याळ म्हणजे वेळ भरली. अत्तर? अत्तर उडून जातं आणि पाठोपाठ बाई. रुमाल? रुमाल निरोपाला हलवतात.

म्हणजे या देशात बायकोला काहीही दिलं की ती एकतर मरते नाहीतर पळते. मग इतके संसार टिकले कसे? माझा अंदाज, नवऱ्यांनी काही दिलंच नाही.

शकुन-अपशकुन मी मानत नाही. मात्र माळ घेतली नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज जरा विचित्र झालं. बाल्कनीत दोघं भाजलेल्या मिरच्या सोलत होतो. हिवाळ्याच्या चटणीची बेगमी. मी अगदी सहज विचारलं, चांदी आवडते का तुला? नेवेनानं सुरी खाली ठेवली. म्हणाली, गांचो, भेटीचं राहू दे. मला एवढंच सांग, मी कोण आहे रे तुझ्या लेखी?

मी म्हटलं, फार्मासिस्ट.

उत्तर बरोबर होतं. बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात ती एकवीस वर्षं आहे. तरी ती उठून आत गेली. मी सुचेल ते करावं म्हणून सगळ्या मिरच्या एकट्यानं सोलल्या. मग त्याच हातानं डोळे चोळले. अर्धा तास नळाखाली. ती बाहेर आली नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

नेवेना बुर्गासला गेली, बहिणीकडे. दोचका तिथे समुद्राजवळ राहते. जाताना म्हणाली, काही दिवस राहीन. मला जरा विचार करायचाय. मी म्हटलं, जरूर, समुद्राची हवा विचारांना फार चांगली. कसला विचार ते विचारलं नाही. पंचानं खेळाडूला फार खोदून विचारू नये, अधिकार कमी होतो.

बस सुटताना मी हात केला. ती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. काच मळलेली होती, त्यामुळे मी तिला दिसलो नसेन.

घर फार शांत आहे. फ्रिजचा आवाज एवढा मोठा आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. पोटात गोळा. जेवलो नाही म्हणून. जेवलो नाही कारण पोटात गोळा.

११ ऑक्टोबर, मंगळवार

फोन लागला. हवा कशी आहे विचारलं. म्हणाली, वारा आहे. जेवलीस का? हो. दोचका बरी आहे का? हो. मग म्हणाली, मी १९ तारखेला येतेय. आपल्याला बोलायला हवं.

फोन ठेवल्यावर खुर्चीत बसावं लागलं. 'बोलायला हवं.' हे काय वाक्य झालं? आपण बोलतोच की. आत्ता वाऱ्याबद्दल बोललो.

शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. १९ तारीखच का निवडली? वाढदिवस म्हणून. म्हणजे तिला भेटीची अपेक्षा आहे आणि भेट बघून मग ती बोलणार. म्हणजे सगळं भेटीवर आलं. चांगली निघाली तर राहील, वाईट निघाली तर... राहील असं लिहायचं होतं मला. दोन्हीकडे राहीलच. राहणार नाही असं ती म्हणालेली नाही.

स्वेटर शोधून घातला. थंडी पडायला लागली.

१२ ऑक्टोबर, बुधवार

सुचलं! आणि असं सुचलं की बसस्टॉपवर उभ्या उभ्या मोठ्यानं हसलो. बाजूची बाई लांब जाऊन उभी राहिली.

झालं असं की बसस्टॉपच्या भिंतीवर नेहमीसारखे मेलेल्यांचे कागद होते. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापून दारावर, खांबावर, झाडावर, बसस्टॉपवर चिकटवतात. खाली चार गोड ओळी. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा, दहा वर्षांनी पुन्हा. तो सुतार दिमो, जन्मभर कुणी त्याला नीट हाक मारली नाही. आता बघा, 'अविस्मरणीय'. मनात आलं, हे सगळं कौतुक मेल्यावरच का? माझी बायको जिवंत आहे! तिचा फोटो लावा की! बसस्थानकापासून आमच्या दारापर्यंत, प्रत्येक खांबावर नेवेना. बसमधून उतरेल आणि बघते तर सगळं गाव तिच्याच चेहऱ्यानं भरलेलं. 'मी कोण आहे' म्हणून विचारत होती ना? घे!

ना मोती, ना घड्याळ, ना रुमाल. कागदाला अपशकुन नसतो.

आज भूक लागली. दोन वाट्या सूप.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

फोटो शोधायला बसलो. दोन खोकी भरून फोटो आहेत आमचे. मी शिट्टी वाजवताना. मी लाल कार्ड दाखवताना. मी नदीवर, मी पिंपाशेजारी, मी झोपलेला. प्रत्येक फोटोत मी आणि काढणारी ती. एका फोटोत तिचा अंगठा आहे, कोपऱ्यात.

एकटीचा असा एकच सापडला, ओळखपत्राच्या वेळी जास्तीचा काढलेला. समोर बघतेय, हसत नाही. पण चेहरा स्पष्ट आहे. चालेल.

हा शोध एवढा वेळ चालला याचा अर्थ आमच्याकडे फोटो भरपूर आहेत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

गावात फोटोसकट कागद छापणारा आणि चिकटवणारा एकच, पोस्टाशेजारचा वेलिझार. त्याचं दुकान शवपेट्यांचं आहे, पण छपाई ती छपाई. मशीनला काय कळतं आत कोण जिवंत आहे.

वेलिझारला प्लॅन सांगितला. त्यानं आधी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, गांचो, तू माझा शाळेतला दोस्त, म्हणून सांगतो. फुलं घे आणि घरी जा. मी म्हटलं, फुलांचं नाव काढू नकोस. म्हणाला, बरं, केक घे. मी म्हटलं, छापणार आहेस की नाही? मग म्हणाला, माझ्याकडे चौकटी ठरलेल्या आहेत. काळी आपल्या लोकांना, हिरवी तुर्की मुसलमान मंडळींना, निळी कोवळ्या वयात कुणी गेलं तर. चौकट काढता येत नाही, ती मशीनमध्येच बसवलीय.

काळी तर मी सरळ उडवून लावली. मूर्ख नाही मी. निळी नको. मग हिरवी. फार्मसीचा क्रॉस हिरवाच असतो की! बघणाऱ्याला लगेच फार्मसी आठवेल. वेलिझार कपाळ चोळत म्हणाला, अरे बाबा, लोक चौकट बघतात, वाचत नाहीत. मी म्हटलं, आपलं गाव सुशिक्षित आहे. म्हणाला, गाव सुशिक्षित आहे, पण तुझी सासू?

कधी लग्न केलं नाही त्यानं. दुसऱ्याचं प्रेम बघवत नसेल. शेवटी मी त्याला सांगितलं, पंचाचा निर्णय अंतिम.

१६ ऑक्टोबर, रविवार

मजकूर लिहायला बसलो. फक्त तीन-चार ओळी हव्यात. सकाळपासून बसलोय.

'नेवेना मेहनती आहे.' खोडलं. 'नेवेना वक्तशीर आहे.' खोडलं. 'नेवेनाला आवडतं' इथपर्यंत आलो आणि थांबलो. तिला काय आवडतं? मिरच्यांची चटणी. नाही, ती मला आवडते. सासूबाईंना विचारायला खाली गेलो. म्हणाल्या, पंचवीस वर्षं एका ताटात जेवलास आणि मला विचारतोस? तिचा कुठला खांदा दुखतो तेवढं तरी सांग बघू. मी म्हटलं, उजवा. नुसत्या हसल्या. मग म्हटलं, डावा. आणखी हसल्या. दोनच खांदे असतात, एक तरी उत्तर बरोबर असणारच, एवढं त्या बाईला कळत नाही.

शेवटी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि भिंतीवरचे कागद वाचत फिरलो. लोकांनी काय सुंदर लिहिलंय! दोन-तीन ओळी तिथूनच उचलल्या. घरी येऊन सलग मजकूर झाला: 'नेवेना. पंचवीस वर्षं तुझ्या मायेच्या सावलीत. तू आमच्या हृदयात सदैव राहशील. तुला कधीच विसरणार नाही. तुझा गांचो.' खाली १९ ऑक्टोबर.

वाचून माझेच डोळे भरून आले. रात्री मात्र झोप लागेना. कूस बदलली की तिची बाजू थंड लागते. खिडकीतून वारा येत असणार.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

लागले! चाळीस कागद. वेलिझारनं स्वतः चिकटवले, मी मागे डिंकाचा डबा धरून. बसस्थानक, बेकरी, शाळा, फार्मसीचं शटर (दुपारची सुट्टी होती), आमच्या इमारतीचं दार. जाड कागद आहे, पाऊस आला तरी भिजणार नाही. काम संपल्यावर वेलिझारनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, देव तुझं भलं करो. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो.

लांबून बघितलं तर रस्ताभर नेवेना. सगळीकडून माझ्याकडेच बघतेय. न हसता. एकदम अंगावर काटा आला. आनंदाचा.

उद्या दुपारी बस.

१९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

आठला बेल. मला वाटलं लोक अभिनंदनाला आले. दारात बेकरीवाल्या बाई, हातात उकडलेल्या गव्हाचा मोठा वाडगा, वर पिठीसाखर. मला छातीशी घट्ट धरलं आणि ओक्साबोक्शी रडल्या. म्हणाल्या, परवा तर मी विचारत होते, नेवेना कुठाय, दिसली नाही. कशानं रे गेली? मी म्हटलं, बसनं. त्या आणखीच रडल्या, त्यांना अपघात वाटला.

मी समजावून सांगायला तोंड उघडणार तोच मागून अजून दोघी. मग तिसरी. उकडलेले गहू घेऊन. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं गहू वाटतात, हे मला माहीत आहे. पण हे सगळे सुशिक्षित लोक! कागदावर स्पष्ट लिहिलंय की... आता वाचून बघितलं. स्पष्ट तसं काहीच लिहिलेलं नाही.

 नेवेनाचा फोन बंद. दोचका उचलत नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं

स्वयंपाकघरात पाद्री अनानी आणि साबरी इमामसाहेब समोरासमोर बसलेत. मी बाथरूममध्ये बसून हे लिहितोय.

इमामसाहेब टोपी हातात घेऊन आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, गांचोभाऊ, घरात एवढी मोठी गोष्ट झाली आणि मला निरोपही नाही? बाईंनी आमचा मार्ग कधी धरला, मला तर कल्पनाच नव्हती. पण धरला असेल तर सगळं रीतीनं करू, काळजी करू नका. तेवढ्यात पाद्री आले, दाढी थरथरतेय. म्हणाले, लग्न मी लावलं, वर्षानुवर्षं तिच्या हातचा केक खाल्ला, आणि हे मला भिंतीवर वाचायला मिळतंय? हिरव्या चौकटीत? मी दोघांनाही म्हटलं, ती जिवंत आहे! दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इमामसाहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, हो हो, आपल्या सगळ्यांच्या मनात जिवंतच आहे. पाद्री म्हणाले, पाणी द्या त्याला.

इतक्यात खालून किंकाळी. सासूबाई उठल्या आणि त्यांनी दारावरचा कागद बघितला.

दुपार

सासूबाई रडल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सगळ्यांसमोर बोट रोखलं आणि म्हणाल्या, यानंच काहीतरी केलं. गेल्या वर्षी फुलं आणून तयारी केली होती. पोलीस बोलवा!

कुणीतरी बोलावलेही. इन्स्पेक्टर कामेनोव आला. त्याला पोरगा असताना मी दोनदा मैदानाबाहेर काढला होता, ते तो विसरलेला नाही. खुर्ची ओढून विचारतो, बायकोला शेवटचं कधी बघितलं? मी म्हटलं, नऊ तारखेला, बसवर. बसमध्ये बसलेली कुणी बघितली? मी. आणखी कुणी? कुणी नाही. अंगावर काय होतं? मी म्हटलं, कोट. रंग कुठला? मी विचार केला. खूप विचार केला. सगळं स्वयंपाकघर माझ्याकडे बघतंय. कोट होता, बटणं होती, रंग मात्र डोळ्यांसमोर येईना. भांडण झालं होतं? नाही. मग का गेली? विचार करायला. कसला? मी म्हटलं, ते मी विचारलं नाही. कामेनोवनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, बायको गेली, तुम्ही विचारलं नाही, फोन लागत नाही, आणि ती यायच्या आत तुम्ही हे कागद लावले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत? मी म्हटलं, लाल कार्ड. तोंडातून निघून गेलं.

पाचावर धारण बसली माझी. खोटं कशाला लिहू.

लोक निघायचं नाव घेईनात. गहू खात बसले आणि बोलायला लागले. मडक्यांच्या दुकानातली झ्युल्फिये म्हणाली, माझ्या नवऱ्याला अख्खा हिवाळा ही बाई रोज सकाळी इंजेक्शन द्यायला येत होती. एवढासुद्धा मोबदला घेतला नाही. मी समजत होतो, नेवेना सकाळी फिरायला जाते. बेकरीवाल्या म्हणाल्या, आता मंगळवारी गायनाला आमच्यात जीवच राहणार नाही. मी विचारलं, कुठलं गायन? त्या चमकल्या. वाचनालयाच्या गायनवृंदात ती नऊ वर्षं गातेय. मला वाटायचं मंगळवारी दुकानात स्टॉक मोजतात.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाद्री म्हणाले, गांचो, तूही दोन शब्द बोल तिच्याबद्दल. मी उभा राहिलो.  म्हटलं, कागद एकशे साठ ग्रॅमचा आहे. पावसात भिजत नाही. चौकट मी स्वतः निवडली.

आणि बसलो.

त्याच दिवशी, नंतर

दुपारच्या बसला कामेनोवबरोबर गेलो. मागे अर्धं गाव. दार उघडलं. दोन सैनिक उतरले, एक म्हातारा, एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन. मग ड्रायव्हर उतरला आणि त्यानं सिगारेट पेटवली. मी बसमध्ये चढून मागच्या सीटपर्यंत जाऊन आलो. सीटखाली वाकून बघितलं.

नव्हती.

स्थानकाच्या भिंतीवर तिचा फोटो होता. त्यात ती समोर बघत होती. आणि मला एकदम वाटलं की ती कुठेच नाही, फक्त तिथेच आहे. मी भिंतीला टेकलो. कामेनोवनं दंडाला धरलं. पकडलं की आधार दिला, कळलं नाही. मी त्याला म्हटलं, भीती वाटतेय रे. तो म्हणाला, कसली? मी म्हटलं, यायचीच नाही ती. पहिल्यांदाच त्यानं मला अहोजाहो सोडून अरेतुरे केलं. म्हणाला, चल घरी, बसू.

संध्याकाळ

घरी पोचलो तर जिन्यात नेवेना.

दोचकाच्या गाडीतून आली होती, आम्ही बसवर जायच्या कितीतरी आधी. वळणावर पहिला कागद बघितला म्हणे तेव्हा दोचकानं गाडी जवळपास नदीत घातली. सासूबाई आधी किंचाळल्या, मग लेकीला मिठी मारली, मग छत्री घेऊन माझ्याकडे वळल्या. पाद्रींनी छातीवर क्रॉसची खूण केली, इमामसाहेबांनी देवाचे आभार मानले, दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. झ्युल्फिये नेवेनाचा हात सोडेना. बेकरीवाल्या मला म्हणाल्या, हलकट! आणि हसल्या, आणि उरलेले गहू तिथेच ठेवून गेल्या.

मला वाटलं, जिंकलो. सगळं गाव तिच्यासाठी रडलं, अशी भेट कुणाला मिळते? सगळे गेल्यावर मी तिला म्हटलं, कसं वाटलं सरप्राइज?

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. कोट तपकिरी आहे. म्हणाली, मी बराच वेळ इथेच उभी होते, गांचो. वर यायचं धाडस होईना, तुम्ही सगळे बसवर निघालात तेव्हा आईच्या घरात शिरले. सगळं ऐकलं. झ्युल्फिये बोलली, बेकरीवाल्या वहिनी बोलल्या, मला वाटलं, आता तू बोलशील. तू कागदाचं वजन सांगितलंस.

रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. विचारलं, तू काय गातेस?  म्हणाली, दुसरा आवाज. पहिल्या आवाजाला खालून धरून ठेवतो तो. वेगळा ऐकू येत नाही, पण नसला की कळतं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. म्हणाली, माहितेय मला, तुला माहीत नव्हतं ते.

मग वर गेली आणि हिवाळ्याचे कपडे बॅगेत भरले. मी दाराशी उभा. म्हटलं, बोलायचं होतं ना तुला? म्हणाली, झालं की आत्ता. माझा विचार अजून संपलेला नाही. बुर्गासला एका औषधांच्या दुकानात कामाची जागा आहे, हिवाळाभर तिथे बसेन. मी म्हटलं, आणि मग? तिनं बॅगेची चेन ओढली. मी पुन्हा विचारलं नाही. तिला नाही म्हणायला वेळ मिळू नये म्हणून.

जाताना तिनं माझ्या कॉलरला लागलेला डिंक नखानं काढला.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

वेलिझार सकाळी आला, कागद काढू का विचारायला. तुला सांगितलं होतं असं एकदाही म्हणाला नाही. त्याला म्हटलं, बाकीचे काढ. बसस्टॉपवरचा मी काढतो.

गेलो खरा, पण हात उचलेना. बाजारचा दिवस, गर्दी. एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. वरच्या खेड्यातली असावी, पाठीवर कोबीची पिशवी. फोटो बघितला, मजकुरावरून बोट फिरवलं, छातीवर क्रॉसची खूण केली. म्हणाली, देव तिला शांती देवो. किती तरुण दिसतेय बिचारी. तुझी कोण रे बाळा?

मी म्हटलं, बायको. पण गेलेली नाही आजी, जिवंत आहे. अगदी ठणठणीत.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं.

म्हणाली, मग कुठाय?